सहकारनगरमधला १९७४ चा बैठा बंगला : भाव बोलण्याआधी काय तपासावं?

पारिजातक

नमस्कार मंडळी. पुण्यात सहकारनगरला एक बैठा बंगला बघतो आहोत, जाणकारांचं मत हवं आहे.

प्लॉट ३२०० चौ. फूट, रस्त्याकडची बाजू ४० फूट. बांधकाम सुमारे ११५० चौ. फूट, १९७४ चं. काळ्या दगडाचं जोतं, नऊ इंची विटांच्या भिंती, वर सपाट स्लॅब. खोल्यांत मोझेक, पडवीत शहाबादी. गच्चीवर चायना चिप्सचं (चिनी मातीच्या टाइल-तुकड्यांचं) काम अलीकडचं दिसतं. हॉलमध्ये पी.ओ.पी.चं नवं छत आहे आणि सगळीकडे ताजा रंग. मागच्या बाजूला आउटहाउसची एक खोली, तिथे जुने भाडेकरू. समोरचा रस्ता सोसायटीचा, २० फुटी.

मूळ मालक वारले. वारस तीन : एक मुलगा इथेच, मुलगी मुंबईत, दुसरा मुलगा अमेरिकेत. शेअर सर्टिफिकेट इथल्या मुलाच्या नावावर झालं आहे, कारण नॉमिनी तोच होता. एजंट म्हणतो, "प्लॉटच्या भावात मिळतोय, बंगला फुकट समजा."

आमचा विचार दहा-बारा वर्षं आहे त्याच घरात राहायचं, मग नवं बांधायचं. कागद, बांधकाम आणि भाव यांपैकी आधी कशाच्या मागे लागावं? बंगला खरंच फुकट म्हणावा असा आहे का, हे कसं ओळखायचं?

---

फेरफार

आधी कागद. भिंत दुरुस्त होते, हक्क दुरुस्त व्हायला पिढी जाते.

पहिला प्रश्न : जमीन नक्की कोणाची? सहकारनगरात बहुतेक प्लॉट गृहरचना सोसायट्यांचे आहेत. काही ठिकाणी जमीन सोसायटीच्या मालकीची आणि सभासदाला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, काही ठिकाणी सभासदाच्या नावे खरेदीखत. शिवाय १९६१ च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांसाठी सरकारने ज्या जमिनी दिल्या, त्यांवरच्या सोसायट्याही या पट्ट्यात आहेत. तुमचा प्लॉट तशा सोसायटीतला असेल किंवा मिळकत पत्रिकेवर 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'शासकीय पट्टा' असं काही लिहिलेलं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही आणि शासनाला अधिमूल्य भरावं लागतं. ते कोणी भरायचं हे टोकन देण्याआधी ठरवा.

म्हणून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), आणि सिटी सर्व्हे झाला नसेल तर सातबारा, स्वतः काढा. मालकाने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. 'इतर हक्क' हा रकाना शब्द न् शब्द वाचा. तिथे नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या कलम २० चा (मर्यादेपेक्षा जास्तीची जमीन अटींवर ठेवू देणाऱ्या सवलतीचा) शेरा असू शकतो. तो कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला, पण कलम २० खाली दिलेल्या सवलतींच्या अटी त्याबरोबर आपोआप गेल्या नाहीत.

दुसरा, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा मुद्दा वारसांचा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नाव लावलं म्हणून इथल्या मुलाला एकट्याने विकायचा हक्क येत नाही. नोंदणीकृत मृत्युपत्र असेल तर ते बघा. नसेल तर तिघांच्याही सह्या हव्यात, नाहीतर बाकीच्या दोघांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. मूळ मालकाची पत्नी हयात असेल तर तीही वारस, हे लोक हटकून विसरतात. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेलं 'संमतीपत्र' चालणार नाही.

अमेरिकेतला मुलगा कुलमुखत्यारपत्र देणार असेल तर ते तिथे नोटरी आणि अपोस्टिल (परदेशी कागदाचं सरकारी प्रमाणीकरण) करून, किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करून यायला हवं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. करकपातीचंही लक्षात ठेवा. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कापायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. अनिवासी विक्रेत्याला तो नियम लागू नाही. त्याच्या हिश्शाच्या पूर्ण रकमेवर दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे १२.५ टक्के आणि वर अधिभार-उपकर, अशी कपात होते. त्याने आयकर विभागाकडून कमी कपातीचा दाखला आणला तरच ती कमी होते. कपात केली नाही तर वसुली तुमच्याकडून होऊ शकते.

तिसरं म्हणजे आउटहाउसमधले भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे ते पुढे जातं. मालक बदलला तरी भाडेकरू राहतो. एक खोली असली तरी तुमचं दहा-बारा वर्षांनंतरचं बांधकाम त्या खोलीपाशी अडेल. "आम्ही बघून घेऊ" या तोंडी आश्वासनाला किंमत नाही. भाडेकरूने ताबा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त खरेदीखताच्या आधी किंवा त्याच दिवशी झाला पाहिजे.

बाकीचं नेहमीचं : तीस वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांचा शोध), इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश), मंजूर नकाशा, भोगवटापत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला), सोसायटीचा ना-हरकत दाखला आणि हस्तांतर शुल्काचा लेखी आकडा, मिळकतकर व पाणीपट्टी बाकी नसल्याचा दाखला, दोन वर्तमानपत्रांत १४ दिवसांची जाहीर नोटीस. भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत घ्या. जुन्या सोसायट्यांत कुंपणाची भिंत एक-दोन फूट इकडेतिकडे असणं अगदी सर्रास आहे.

कर्ज काढणार असाल तर मंजूर नकाशा आणि भोगवटापत्र आजच मागा. ते नसेल तर बँका एकतर नाही म्हणतात किंवा फक्त जमिनीचा विचार करून रक्कम खाली आणतात.

---

जोतं_ते_कठडा

कागदांचं वर आलंच आहे, मी बांधकामावर लिहितो.

पी.ओ.पी.चं नवं छत आणि ताजा रंग ही विकायच्या घराची नेहमीची तयारी आहे. हॉलचा गाळा (दोन भिंतींमधलं अंतर) सगळ्यात मोठा, म्हणून स्लॅब तिथेच जास्त वाकते, आणि छत नेमकं तिथेच केलं आहे. त्याच्या दोन बाय दोन फुटांच्या दोन पट्ट्या उघडू द्या, अशी अट घाला. एक पट्टी बाथरूमच्या भिंतीलगत, एक गाळ्याच्या मध्यावर.

१९७४ च्या स्लॅबबद्दल थोडी पार्श्वभूमी. तेव्हा सिमेंट नियंत्रणाखाली होतं, परमिटवर मिळायचं. नियंत्रण अंशतः उठलं ते १९८२ साली. त्यामुळे त्या दशकातल्या छोट्या घरांत सिमेंट हात राखून वापरलेलं आढळतं, विशेषतः विटांच्या सांध्यांत. सळई साधी गोल असेल किंवा पीळ दिलेली तोर. तोरची ताकद जास्त, पण पीळ दिल्यामुळे ती गंजायला साध्या सळईपेक्षा लवकर लागते. त्यात स्लॅबखालचं आवरण १५ मि.मी. असायला हवं तिथे प्रत्यक्षात ८-१० निघतं.

पन्नास वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये आत-आत जातो आणि त्याची अल्कता संपवतो. ती संपली की सळईचं गंजापासूनचं संरक्षण गेलं. गंजलेलं लोखंड फुगतं, मग खालचा थर पोपड्यासारखा सुटतो. ही तपासणी सोपी आहे : काँक्रीटचा ताजा तुकडा काढायचा आणि त्या जागी फिनॉल्फ्थॅलीनचं १ टक्का द्रावण फवारायचं. गुलाबी झालं तर अल्कता शाबूत, रंगहीन राहिलं तर संपलेली. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला आहे का, एवढंच बघायचं. पाच-सहा जागा पुरतात. त्यातल्या दोन बाथरूमच्या आसपास आणि एक पश्चिमेच्या छज्ज्यावर घ्या.

अल्ट्रासॉनिक चाचणी करवलीत तर काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३.५ कि.मी.च्या वर हवा. तीनच्या खाली असेल तर काँक्रीट संशयास्पद. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारी हातोडी) एकटा वापरून काढलेल्या 'ताकदी'वर विश्वास नको. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा फुगतो.

इंजिनिअर येण्याआधी तुम्ही स्वतः हातोडीच्या दांड्याने खालून ठोकत फिरा. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे थर सुटलेला. सुटलेलं क्षेत्र एकूण छताच्या दहाव्या भागाच्या आत असेल तर दुरुस्ती परवडते. तिसरा भाग सुटला असेल तर स्लॅब नवी घालण्याचाच हिशेब करा.

आता गच्ची. चायना चिप्स नवे आहेत म्हणता, पण जुना कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) काढून केलं की जुन्यावरच चढवलं? हे विचारायलाच हवं. चार इंच ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो. वावर असलेल्या गच्चीवर माणसं-सामानासाठी धरलेला भार १५० किलो. म्हणजे दुसरा कोबा घातला की अख्ख्या जमावापेक्षा जास्त ओझं कायमचं डोक्यावर ठेवलं. गळती थांबते, मालक खूश, आणि स्लॅब हळूहळू पोटात वाकते. ओळखायची खूण : कठड्याची उंची आतून आणि बाहेरून मोजा. स्लॅबची जाडी साडेचार-पाच इंच धरून फरक नऊ-दहा इंचांपर्यंत समजू शकतो. चौदा-पंधरा इंच निघाला तर दोन थर आहेत. जिन्याच्या दाराचा उंबरठा गच्चीच्या पातळीत बुडालेला असेल तरी तेच. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणून मधली खोली मोजा. १२ फुटांच्या गाळ्यात अर्ध्या इंचाच्या वर वाक दिसला तर पुढचा निर्णय इंजिनिअरचा.

पाण्याची टाकी कुठे ठेवली आहे तेही बघा. हजार लिटर म्हणजे एक टन. ती भिंतीच्या डोक्यावर हवी, गाळ्याच्या मध्यावर नको.

छज्जे वेगळे तपासा. छज्जा भिंतीतून बाहेर लटकलेला असतो, त्यामुळे त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. काम करताना गवंडी तिच्यावर पाय देऊन ती खाली दाबतात, आणि वर साचलेलं पाणी नेमकं भिंतीलगतच्या सांध्यात मुरतं. छज्ज्याच्या वरच्या बाजूला भिंतीशी समांतर तडा असेल तर तो छज्जा उतरवा. प्लास्टर मारून झाकू नका, खाली माणसं वावरतात.

भिंतींच्या तड्यांची भीती सरसकट बाळगू नका. स्लॅबच्या लगेच खाली जाणारा आडवा तडा बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब प्रसरण-आकुंचन पावल्याचा असतो. बैठ्या घरात तो जवळजवळ ठरलेलाच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, विटाच फोडत गेलेला तडा मात्र पायाचा. तो वर रुंद असेल तर भिंतीची टोकं खचताहेत, खाली रुंद असेल तर मधला भाग. १ मि.मी.च्या आतला सोडून द्या, ५ मि.मी.च्या वरचा गंभीर. मधल्यांवर काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून एक पावसाळा बघतात. तेवढा वेळ नसेल तर तड्यात रंग गेला आहे का ते पाहा. आत जुना रंग असेल तर तडा जुना आणि थांबलेला. कडा धारदार आणि स्वच्छ असतील तर चालू आहे.

सहकारनगरात डोंगराकडे मुरूम लवकर लागतो, आंबिल ओढ्याच्या बाजूला काळी माती आणि भराव मिळू शकतो. तिरके तडे असतील तर भिंतीलगत तीन बाय तीनचा खड्डा चार-पाच फूट खोल घेऊन पाया कशावर बसला आहे ते डोळ्यांनी बघा.

भिंतीचं गिलाव्याखालचं चुना-सिमेंट किल्लीने खरवडा. भुगा सहज पडत असेल तर मजला चढवायचा विचार सोडून द्या. आणि विटांचं भार पेलणारं बांधकाम असल्याने हॉल मोठा करायला एकही भिंत पाडायची नाही. गर्डर टाकून होतं असं सांगणारे भेटतील. पन्नास वर्षांच्या नऊ इंची भिंतीत एका टोकावर तेवढा भार एकवटवणं हा वेगळा खेळ आहे. लिंटल पातळीवर सलग पट्टा आहे का तेही विचारा. पुणे भूकंपाच्या नकाशात क्षेत्र ३ मध्ये धरलं जात आलं आहे आणि कोयनेचा भूकंप १९६७ चा, त्यामुळे १९७४ च्या काही घरांत पट्टा मिळतो. सगळ्यांत नाही.

---

नहाणीट्रॅप

वरच्या प्रतिसादात न आलेली कामं. एजंट यांना "किरकोळ" म्हणतो, पण राहायला जाण्याआधीचा अर्धा खर्च इथेच होतो.

नळ : भिंतीतले जी.आय. पाइप पन्नास वर्षांनी आतून गंजून निम्मे बुजलेले असतात. खालच्या नळाला धार आणि गीझरला थेंब, ही त्याची खूण. जुने तसेच भिंतीत सोडून नवी लाइन वरून टाका. सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा हलत असेल तर जमिनीखाली गळती आहे.

जमिनीखालची टाकी : रात्री भरून इनलेट बंद करा, पट्टीवर खूण करा, २४ तासांनी बघा. दोन बाय दोन मीटरच्या टाकीत १ सें.मी. उतार म्हणजे ४० लिटर पाणी गेलं. टाकी पायाच्या जवळ असेल तर ते पाणी कुठे जातं हे सांगायला नको.

ड्रेनेज : चेंबरची झाकणं सगळी उघडून घ्या. जुने पाइप स्टोनवेअरचे, सांधे सिमेंटचे. गुलमोहोर किंवा उंबर जवळ असेल तर मुळं सांध्यातून आत शिरलेली सापडतील. प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये पोटॅशियम परमँगनेटचं पाणी ओता आणि चेंबरमध्ये रंग किती वेळाने येतो ते बघा. आलाच नाही तर ते पाणी घराखाली मुरतंय. घर महापालिकेच्या गटाराला जोडलं आहे की अजून सेप्टिक टँकवर आहे? दोन्ही असतील तर जुनी टाकी रिकामी करून भरून टाकलेली हवी. नाहीतर अंगणात एक दिवस खड्डा पडतो.

बाथरूमची स्लॅब खाली सोडलेली असेल तर आत फूटभर भराव असतो, आणि तो वर्षानुवर्षं ओला. जमिनीवरच्या बाथरूममध्ये स्लॅब नसते, तिथे भिंतीचा लोणा (ओलीने येणारा पांढरा क्षार) बघा. लोणा जोत्यापासून अडीच-तीन फुटांपर्यंतच असेल तर ओल खालून चढते आहे. त्याला वरून जलरोधक रंग मारून काही होत नाही, ओल आणखी वर जाते. ओल छताजवळ असेल तर गच्ची, मध्येच असेल तर पाइप. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेली कपाटं उघडून आतून हात फिरवा. पुण्यात पाऊस त्या अंगाने झोडपतो, आणि विकताना कपाटाच्या आतून कोणी रंग देत नाही.

वायरिंग : लाकडी पट्ट्यांतलं किंवा रबरी आवरणाच्या तारांचं असेल तर एकही तार ठेवू नका. आवरण बोटात चुरतं. अर्थिंग आहे का ते टू-पिनच्या बोर्डांवरून लगेच कळेल. नव्यात स्वयंपाकघर, गीझर आणि ए.सी.ला स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच), आणि दोन अर्थ पिट. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो एक-दोन किलोवॉट असेल तर वाढवून घ्यावा लागेल.

वाळवी : चौकटींच्या खालच्या सहा इंचांत स्क्रूड्रायव्हर टोचा. पिकलेलं सागवान टिकतं, पण १९७४ च्या सगळ्याच चौकटी सागाच्या नसतात. राहायला जाण्याआधी, फर्निचर नसताना, भिंत आणि फरशी यांच्या सांध्यावर दर ३० सें.मी.वर १२ मि.मी.ची भोकं पाडून औषध सोडून घ्या. नंतर ते नीट होत नाही.

फरशीवर टाचेने ठोकत चाला. भिंतीलगत पोकळ आवाज येत असेल आणि अंगणात जोत्याशी बिळं दिसत असतील तर खाली घुशी आहेत. भराव काढून, दाबून, मोझेक पुन्हा बसवावं लागतं. मोझेक चांगलं असेल तर पॉलिश करून वापरा, त्यावर व्हिट्रिफाइड टाइल चिकटवून पैसे घालवू नका.

---

पारिजातक

सगळ्यांचे आभार. थोडी भर : मालक पी.ओ.पी. उघडायला नाही म्हणताहेत, "खराब होईल" म्हणून. मिळकत पत्रिकेवर वर्ग १ आहे, ती ऑनलाइन काढली. वारसांच्या आई हयात आहेत, मुलीकडे मुंबईत असतात. भाडेकरू महिना ६० रुपये भाडं देतात, पावत्या आहेत. कठड्याचा आतला-बाहेरचा फरक १४ इंच भरला.

आणि भावाचं कसं धरायचं?

---

चटईक्षेत्र

भावाचं मी सांगतो. एजंटचं "बंगला फुकट" हे वाक्य आकड्यांत तपासू.

बांधकाम : विटांच्या भार पेलणाऱ्या घराचं आयुष्य ६० वर्षं आणि शेवटी भंगारमूल्य १० टक्के, असं धरायची मूल्यांककांची पद्धत आहे. ५० वर्षांना घसारा ९० × ५० ÷ ६०, म्हणजे ७५ टक्के. आज तसंच साधं घर बांधायला चौ. फुटाला २००० रुपये धरा. ११५० चौ. फुटांचे २३ लाख, त्यातले २५ टक्के उरले, म्हणजे पावणेसहा लाख. हीच त्या बंगल्याची कागदावरची किंमत. दुरुस्तीचा खर्च त्याहून जास्त असेल तर बंगला फुकट नाही, वजा आहे. तुमचा १४ इंच फरक बघता मी तो वजाच धरीन.

जमीन : हिच्या भावात सगळ्यात मोठा आकडा रस्त्याचा. एजंट जवळच्या मोठ्या रस्त्यावरच्या प्लॉटचा दर सांगेल. तुमचा रस्ता २० फुटी, म्हणजे ६ मीटर. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत पुण्याला मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१. रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर प्रीमियमचा (पैसे भरून मिळणारा) आणि टी.डी.आर.चा (दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या विकास हक्काचा) जादा निर्देशांक मिळत नाही, कमाल १.१ च. रस्ता ९ ते १२ मीटरमध्ये असेल तर ०.५ प्रीमियम आणि ०.४ टी.डी.आर. मिळून २.० पर्यंत जातं. तुमच्या ३२०० फुटांवर आज ३५२०, ९ मीटरवर ६४००. (निवासीसाठी वर ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी (पूरक) क्षेत्र अधिमूल्य भरून मिळतं, पण ते दोन्हीकडे मिळतं.) एवढा फरक असताना दोन्ही प्लॉटना एकच दर कसा लावणार?

महापालिकेने असे काही ६ मीटरचे रस्ते महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली ९ मीटर करायला घेतले आहेत. तुमचा त्यात आहे का, हे पथ विभागात आणि बांधकाम विभागात लेखी विचारा. असेल तर साधारण दीड मीटर, म्हणजे ४० फुटांच्या बाजूवर २०० चौ. फूट जमीन जाईल. मोबदला निर्देशांकाच्या रूपात मिळू शकतो. मात्र आज नसलेल्या रुंदीकरणाचे पैसे मालकाला आज देऊ नका.

विकास योजना अभिप्राय आणि झोन दाखला काढा. तळजाई-पर्वतीच्या उताराजवळ असाल तर हिल टॉप-हिल स्लोपची (बांधकामावर बंधनं असलेल्या डोंगरमाथा-उताराची) हद्द कुठून जाते ते नकाशावर बघा. ओढ्याच्या बाजूला असाल तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाणी कुठवर आलं होतं हे शेजारच्या दोन-तीन घरांत विचारा. अरण्येश्वर आणि सहकारनगरच्या त्या भागाला आंबिल ओढ्याचा मोठा तडाखा बसला होता. ज्या गल्लीत पाणी शिरलं तिथे जोत्याची उंची हा भावाचा मुद्दा आहे.

तुलनेसाठी जाहिरातींतले दर नकोत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच सर्व्हे नंबरातले झालेले दस्त शोधा, इंडेक्स टू मध्ये प्रत्यक्ष मोबदला दिसतो. रेडी रेकनर (सरकारी दरपत्रक) हा मुद्रांकाचा किमान आधार आहे, बाजारभाव नव्हे. मुद्रांक दोन्हींपैकी जास्त असलेल्या रकमेवर : पुण्यात ७ टक्के, खरेदीदार फक्त महिला असेल तर ६. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. तीन कोटींच्या व्यवहारात नुसत्या नावाने तीन लाख वाचतात.

माझं मत स्पष्ट सांगायचं तर दहा-बारा वर्षांसाठी या घरावर वीस-पंचवीस लाख घालणं पटत नाही. घेतलंत तर लगेच पाडा.

---

जोतं_ते_कठडा

इथे थोडं वेगळं म्हणणं आहे. रस्ता ६ मीटर असताना पाडून मिळणार किती? ३५२० फूट मूळ, तेही बाजूची अंतरं आणि पार्किंग सोडून पूर्ण बसेलच असं नाही. रस्ता ९ चा होईपर्यंत थांबण्यात अर्थ आहे, आणि थांबायचं तर घर राहण्याजोगं करावंच लागेल. फक्त सुशोभीकरण टाळा. खर्च स्लॅब, वायरिंग आणि पाण्यावर. मॉड्युलर किचन नंतरच्या घरात.

१४ इंच म्हणजे दुहेरी कोबा जवळपास नक्की. पहिलं काम तो उतरवणं. आधी खालून टेकू, मग छोट्या पट्ट्यांत छिन्नीने. ब्रेकर चालवायचा नाही, हादऱ्याने खालचा सुटलेला थर अंगावर येतो. कोबा निघाल्यावर सळया उघड्या करून मागून बोट जाईल इतकं काँक्रीट काढायचं, तारेच्या ब्रशने गंज घासायचा, गंजरोधक लेप, आणि पॉलिमर मॉर्टर १०-१५ मि.मी.च्या थरांत. सळईची जाडी पाचव्या भागाहून जास्त गेली असेल तर शेजारी नवी सळई बांधायची. नुसतं "पॉलिमर मारून देतो" म्हणणाऱ्याला सळई मागून मोकळी करणार का ते विचारा. उत्तरातच तो कळतो. शेवटी एक हलका जलरोधक थर, १:१०० उतार, आणि दोन इंच पाणी ७२ तास कोंडून चाचणी.

पी.ओ.पी.ला नाही म्हणत असतील तर छतातल्या दिव्याचं एक भोक उघडून त्यातून एंडोस्कोप कॅमेरा घाला, मोबाइलला जोडायचे स्वस्त मिळतात. त्यालाही नकार असेल तर हॉलची स्लॅब पूर्ण नवी घालावी लागेल असं धरून भाव सांगा. आणि एक : ३० वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे मालकाचं काम आहे. अहवाल मागायला संकोच नको.

---

फेरफार

आई हयात आहेत म्हणजे हिस्से चार झाले. त्यांची सही सगळ्यात आधी. वयामुळे प्रवास होत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करून घेऊ शकतात, तशी तरतूद आहे.

साठ रुपयांच्या पावत्या आहेत म्हणजे भाडेकरू पक्के. त्यांना किती द्यायचं हे वारसांनी आणि त्यांनी ठरवावं, पण ती रक्कम तुम्ही देणार त्या किमतीतूनच जाईल, वेगळी नाही, असं लिहून घ्या. टोकन देताना विसार पावतीत तीन अटी घाला : ताबा पूर्ण रिकामा, चारही वारसांच्या सह्या, हक्क निर्वेध असल्याचा तुमच्या वकिलाचा दाखला. तिन्हींपैकी एक राहिली तर विसार परत. कुंपणात मोठी झाडं असतील तर तीही बघून ठेवा. १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि नव्या बांधकामाचा नकाशा कधीकधी एका आंब्याभोवती फिरवावा लागतो.

---

नहाणीट्रॅप

मिळकतकराचं एक राहिलं. स्वतः राहणार असाल तर ४० टक्के सवलतीसाठी पी.टी.-३ अर्ज तुमच्या नावाने वेगळा भरा. जुन्या मालकाची सवलत तुमच्याकडे आपोआप येईल असं धरून चालू नका. आउटहाउसची आकारणी वेगळी आहे का ते त्याच वेळी बिलावर बघा. भाड्याची म्हणून नोंद असेल तर खोली रिकामी झाल्यावर ती बदलून घ्यावी लागेल.